माहेरचं पाणी

प्रिय माया,

शाळेतूनच लिहिते आहे. वार्षिक परीक्षा चालू आहे. पोरं माना खाली घालून पेपर सोडवताहेत आणि त्यांच्या बाई पुरवणीच्या कागदावर लेकीला पत्र लिहिताहेत. तू म्हणशील, रोज संध्याकाळी फोन होतो, मग आईला हे काय नवीन खूळ? पण तो फोन बाबांच्या हातात असतो, स्पीकरवर असतो, आणि त्यावर मी काय बोलते ते तुला पाठच आहे. जेवलीस का, पाय सुजले नाहीत ना, इकडे सगळं बरं आहे. हे शेवटचं वाक्य मी गेला महिनाभर इतकं घोकलंय की आता माझ्याच तोंडाची मला चीड येते. शाळेतल्या संजीवनीबाई उद्या त्यांच्या लेकाकडे नाशिकला निघाल्या आहेत, त्यांच्या हाती हे देते आहे. संघपाल घरी असतील तेव्हा वाच. आणि मध्येच थांबून फोन लावू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय करायचं ते कर.

रविवारी बाबा तुला न्यायला येताहेत. त्या येण्याबद्दलच मला सांगायचं आहे, पण सरळ सुरुवात करायला हात धजत नाही. घरात तुझ्या बाळंतपणाची केवढी तयारी चालली आहे म्हणून सांगू! मागच्या खोलीला त्यांनी स्वतः चुना मारला. छताच्या कडीला तेल घातलं, पाळण्याची दोरी ओढून ओढून पाहिली. खारीक, खोबरं, डिंक आणून डबे भरून ठेवलेत. मी म्हटलं, अहो, अजून सातवा सरायचा आहे, डिंकाला किडे लागतील. तर म्हणाले, "माह्या पोरीचं पहिलं बाळंतपण हाय, तू मधात बोलू नोको." सध्या ते काळा चष्मा घालून हिंडतात, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिला होता ना, तोच. ऊन डोळ्यांत जातं म्हणे. घरातसुद्धा काढत नाहीत. नाटकातल्या हवालदारासारखे दिसतात. जेवण मात्र अगदी सुटलं आहे. परवा भाजीला फोडणी दिली तर उठून अंगणात गेले. वास सहन होत नाही म्हणाले. उन्हाळा आहे, मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

तू इथं होतीस तेव्हा नळ एक दिवसाआड यायचा आणि तरी आपण कुरकुर करायचो. आता दहा-बारा दिवसांनी येतो. धरण तेच, गाव मात्र घाटाच्या कडेपर्यंत पसरलं. नळ यायच्या दिवशी गावात लग्नघरासारखी धांदल असते. आणि प्रत्येक घरी टिल्लू मोटार, थेट नळाच्या लाइनीला लावलेली. शेजारचा ओढतो म्हणून आपण ओढायचं, आपण ओढतो म्हणून पलीकडच्याने. आधी बंद कोणी करायची? जो करील तो कोरडा राहील. पाणीपुरवठ्याच्या साहेबांच्या, म्हणजे आपल्याच घरीही पायरीखाली गोणपाटात गुंडाळलेली एक आहे, त्यांना माहीत आहे आणि ते माहीत नसल्यासारखं करतात. नळ गेला तरी लोक मोटारी चालूच ठेवतात, लाइनीतला शेवटचा घोटही सुटू नये म्हणून. आणि लाइनीत पाणी नसलं की ती मोटार जे मिळेल ते ओढते.

काय मिळतं ते सांगते. आपल्या गल्लीचा रस्ता सिमेंटचा झाला, आठवतं? आपण सगळ्यांनी तेव्हा पेढे खाल्ले होते. त्या वेळी ठेकेदाराने नाली रुंद केली आणि नळाची जुनी लोखंडी लाइन नालीच्या पोटात गेली. वरून फरश्या टाकल्या, झालं. ज्या गल्लीला नवा रस्ता, त्या गल्लीत हीच तऱ्हा. बाबांनी तेव्हा अर्ज केले, भांडले. रस्त्यावाले म्हणाले, नवा रस्ता फोडू देणार नाही. नालीवाले म्हणाले, लाइन आमची नाही. धरणवाले म्हणाले, आम्ही पाणी सोडलं, आमचं काम संपलं. शेजारचे किसनराव तेव्हा ओट्यावर बसून म्हणाले होते, "पानी एकच अन् त्याचे बाप चार, मंग त्याची काळजी करनार कोन?" आम्ही सगळे हसलो होतो. ती गंजलेली लाइन आता जागोजाग फुटली आहे, आणि नळ बंद असतो तेव्हा ती नालीत बुडून असते.

बाबांना हे कळत नाही असं समजू नकोस. गावातली प्रत्येक लाइन त्यांना तोंडपाठ आहे. पण पाण्याची गोष्ट आली की ते नुसते अभियंता राहत नाहीत, जनकाबाईचं पोर होतात. तुझी आजी किसनरावांच्या वडिलांच्या विहिरीवर रिकामी घागर घेऊन तासन्‌तास उभी राहायची. विहिरीला हात लावायचा नाही. कोणाच्या मनात आलं तर वरून ओतायचं, नाही आलं तर उन्हात उभं राहायचं. लहानगे बाबा तिच्या लुगड्याला धरून उभे असायचे. तोच पोरगा शिकून नगरपरिषदेत लागला आणि त्याने आपल्या वस्तीत पहिला नळ आणला, तेव्हा आजीने नळाखाली ओंजळ धरली आणि किती वेळ नुसतं पाणी वाहू दिलं. प्याली नाही, पाहत राहिली. पुढे घरोघरी नळ आले, किसनरावांनी ती विहीर बुजवून वर गाळे काढले. गोड्या पाण्याची विहीर होती ती. आज असती तर गावाच्या उपयोगी पडली असती, पण तेव्हा कोणालाच तिचं काही वाटलं नाही, आणि आपल्या घरी तर थोडा आनंदच झाला.

आजीवरून आठवलं. तुझं नाव बाबांनी ठेवलं तेव्हा आजी एकटीच नाराज होती. म्हणाली, "गुलाब, नाव सोन्यासारखं हाय, पर ती माय माहेरी जायाले निघाली अन् वाटेतच बाळंत झाली. सातव्या दिवशी गेली बापा." बाबा हसले होते. आई, त्या माउलीच्या पोटी सिद्धार्थ आला, हे नाही का दिसत तुला? मीही हसले होते. गेल्या काही दिवसांत आजीचं ते बोलणं भाकरी थापताना, हजेरी घेताना, कधीही कानात येतं. मी असल्या गोष्टी मानत नाही, तुला माहीत आहे. तरी येतं.

माझ्या वर्गात पहिल्यांदा लक्षात आलं ते माळेवरून. एक पोरगा गळ्यात बारीक काड्यांची माळ घालून आला. मग दुसरा, मग मुली. काविळीची माळ गं. गळ्यात घालतात, ती दिवसेंदिवस लांबत पोटापर्यंत येते आणि तितकी कावीळ उतरली असं लोक मानतात. बाबांनी शाळेत येऊन पोरांना झाडलं. ओल्या काड्या वाळतात, गाठी सैल पडतात, म्हणून दोरा लांबतो, त्यात कावीळ उतरायचा काही संबंध नाही, दवाखान्यात जा. माळेवर विश्वास ठेवणारा माणूस बाबासाहेबांचा फोटो घरात लावायच्या लायकीचा नाही, असंही म्हणाले. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, एवढ्या पोरांना एकदम कशी काय? तर म्हणाले, जत्रेतला बर्फाचा गोळा, उसाचा रस. क्लोरीन रोज पडतंय, पाणी चोख आहे. आता माझ्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी आहेत. जी पोरं समोर बसून लिहिताहेत त्यांच्याकडे मी आधी मार्कांसाठी पाहत नाही, डोळ्यांकडे पाहते.

सरकारी दवाखान्यात अपेक्षा म्हणून तरुण डॉक्टर आली आहे. मेहकरकडची पोर, बोलायला स्पष्ट. तिने मला बसवून सांगितलं. "काकू, ही पान्यातून येनारी कावीळ हाय. तुमी-आमी पडलो तर बहुतेक जन तीन आठवड्यांत उठतो. पन पोटुशी बाई, त्यातून शेवटचे तीन महिने असले, तर ह्या काविळीसारखं वाईट काई नाई. तिले सांभाळा." तिला तुझ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. ती हे बोलत होती ती पूनमबद्दल.

आता पूनमचं सांगते. तू रोज विचारतेस, पूनम फोन का उचलत नाही. तिचा फोन बिघडला आहे असं मी म्हणाले. मग म्हणाले, दुरुस्तीला दिला आहे. पोटुशी बाईला वाईट बातमी सांगू नये म्हणतात, आणि तिची-तुझी पहिलीपासूनची जोडी. कशी सांगायची? पूनम तिच्या सासरहून, घाटाखालच्या सोनाळ्याहून, पहिल्या बाळंतपणाला इथं किसनरावांकडे आली होती. तिकडचं पाणी खारं, म्हणून तिच्या आई, गोजरबाई, मोठ्या कौतुकाने म्हणाल्या होत्या, "इकडचं गोडं पानी पेईन तं लेकराचा रंग उजळीन." तुझ्यासाठीही तिने दुपट्याचा नमुना काढून ठेवला होता, दोघींची बाळं एकाच रंगाची दुपटी घेतील म्हणून. गोजरबाई तिला प्यायला उकळलेलंच पाणी द्यायच्या, गावात कुजबुज सुरू झाली होती ना. पण दात घासायला नळाचं, कोथिंबीर धुवायला नळाचं, ताक घुसळायला माठातलं. आपल्यातल्या कोणाच्या डोक्यात आलं असतं ते? आधी नुसती मळमळ. पोटुशीला मळमळायचंच, असं सगळ्याच म्हणालो, मीही म्हणाले. मग डोळे पिवळे झाले, मग ती माणसं ओळखेना. अकोल्याला नेलं. मुलगी झाली, ती जगली. पूनम गेली, माया. तिने शेवटी शेवटी गोजरबाईंना मावशी म्हणून हाक मारली म्हणे. आईलाही ओळखलं नाही पोरीने. मी रडत लिहिते आहे आणि पहिल्या बाकावरची मुलगी माझ्याकडे टक लावून पाहते आहे, तिला मी पेपर लिही म्हणून दटावलं.

गोजरबाई आता त्या बाळासाठी दिवसभर पाणी उकळत असतात. एकदा उकळलेलं पुन्हा उकळतात, भांडं आटतं, करपतं, पुन्हा भरतात. कोणी बोललं तर म्हणतात, "अजून थोडं होऊ द्या." मी रोज जाऊन बाळाला मांडीवर घेते. नाक पूनमचंच आहे.

पूनमच्या दहाव्यानंतर नगरपरिषदेच्या अंगणात लोक जमले. मीही होते. घागरी आणल्या होत्या लोकांनी, त्यातलं पाणी बाबांच्या पुढ्यात ओतत होते. बाबा शांत उभे होते. नळाला पेला लावून ते सगळ्यांसमोर पाणी प्याले, आणि त्या दिवसापासून रोज पितात, मुद्दाम, फाटकात उभं राहून. तेवढ्याने निभावलं असतं. पण पूनमचा एक चुलत मामा गर्दीतून ओरडला, "ह्याईच्या हातात पानी गेलं तवापासूनच बाटलं!" किसनराव धावले, त्यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला, हात जोडले बाबांना, म्हणाले, "गुलाबराव, त्याचं डोकं ठिकानावर नाई, माह्यासाठी इसरून जा." पण शब्द बाहेर पडला होता. बाबांचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. आजीच्या घागरीपाशी उभा असलेला पोरगा असाच दिसत असेल. ते पुढे झाले आणि म्हणाले, "माही पोरगी मायाबी पोटुशी हाय. तिले मी ह्याच गावात आनतो. हेच पानी पेईन, इथंच बाळंत होईन. मंग बोला काय बाटलं ते." लोकांनी टाळ्या वाजवल्या गं. टाळ्या!

म्हणजे तू माहेरी येत नाहीस. तुला पुरावा म्हणून आणताहेत. हे लिहायला मला किती दिवस लागले ते माझं मला माहीत. त्या दिवसापासून आम्ही दोघं भांडतो, तेही दारं लावून, कारण शेजारच्या घरात लेक गेलेली आहे. मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे ना लाइन कुठून जाते? ते म्हणाले, माहीत आहे, आणि नव्या लाइनीची मंजुरी महिन्याभरात येते. आज मी पाणी खराब आहे म्हटलं तर ती लाइन राहील बाजूला आणि त्या माणसाचं बोलणं तेवढं खरं ठरेल. मी माठात उकळलेलं पाणी भरते, ते ओतून देतात आणि नळाचं भरतात. मी मोरीच्या मागे एक हंडा लपवला, तोही सापडला. त्यांचं दुःख मला कळत नाही का? तेवीस वर्षांची मी त्या घरात आले, सासूबाईंच्या पायांचे भेगाळलेले तळवे मी चोळले आहेत. पण दुखऱ्या अभिमानाला लेकीच्या जिवाचं औषध लावू देणारी आई मी नाही. असला मान गेला खड्ड्यात. तुझ्या जिवापुढे मला त्याची किंमत नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

तेव्हा तू यायचं नाहीस. ओटी भरायला संघपालच्या आई आहेत, देऊळघाटहून माझी बहीण अंबूबाई शनिवारीच तुझ्याकडे यायला निघते आहे, तिच्या हातचं बाळंतपण तुला माझ्यापेक्षा चांगलं मानवेल. बाबा समोर उभे राहतील, रागावतील, कदाचित रडतील. आजवर त्यांनी ऐकलं ते फक्त तुझं. तू कधी नाही म्हटलं नाहीस, म्हणून ऐकलं असेल. या वेळी म्हण.

आणि आता ज्याच्यासाठी आज, याच घडीला लिहायला बसले, ते. आज सकाळी बाबा आंघोळीहून आले ते भोवळ येऊन बाजेवर आडवे झाले. मी वारा घालायला सदऱ्याची बटणं काढली. बनियनच्या आत माळ होती, माया. काड्यांची, काविळीची. पोरांच्या गळ्यातल्या माळा पाहून ओरडणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या गळ्यात, बेंबीपर्यंत लांबलेली. म्हणजे किती दिवस झाले असतील बघ. मी चष्मा काढला, डोळे हळदीसारखे पिवळे. ते जागे झाले, माझ्या हातातून चष्मा घेतला, लावला आणि एवढंच म्हणाले, "मायाले सांगू नोको." इथल्या दवाखान्यात ते पाय ठेवणार नाहीत, पाण्याचाच साहेब काविळीने पडला हे गावाला कळेल म्हणून. तुझ्याकडे मात्र ते येणार, त्यांना कोणी अडवू शकत नाही, आणि म्हणून मीही अडवणार नाही. डॉक्टर अपेक्षाला विचारून घेतलं आहे. त्यांची कावीळ तुला लागू शकते, म्हणून त्यांना तुझ्या घरात घेऊ नकोस. संघपालने गाडी दाराशीच तयार ठेवावी आणि तिथूनच थेट दवाखान्यात न्यावं. साखर आहे त्यांना, उशीर चालणार नाही. बापाला उंबऱ्याबाहेर उभं करायचं म्हणजे काय, हे आपल्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. त्यांना ती विहीरच आठवेल. म्हणून एवढं कर, लांबून ओतू नकोस. पाणी उकळून, निववून ठेव, पेला भरून स्वतः दाराबाहेर जा आणि त्यांच्या हातात दे. त्यांचं पिऊन झालं की सांग, बाबा, मी येत नाही. तो पेला मग साबणाने धू आणि हातही धू.

घंटा झाली. पोरं पेपर आणून देताहेत.

तुझी, आणि या वेळी फक्त तुझीच,
आई